काचेवरचा तळवा

१

धुकं उतरलं तेव्हा ती दिसली.

तळ्याकाठच्या रस्त्याला डाव्या अंगाने पाणी वाहून जायला खोदलेला एक चर आहे. त्यातल्या उंच गवतात ती कुशीवर निजल्यासारखी पडली होती. अंगात शुश्रूषागृहाचा निळा गणवेश, वर घरी विणलेला जाड स्वेटर. एक बूट पायात, दुसरा रस्त्यावर. गळ टाकायला आलेल्या माणसाने आधी तो बूट पाहिला आणि मग तिला.

तिला सगळे चिमणी म्हणत. बारीक अंगकाठी आणि अखंड बडबड, त्यावरून पडलेलं नाव. ज्यांची आठवण गेली आहे अशा म्हाताऱ्यांना भरवणं, न्हाऊ घालणं, त्यांच्या त्याच त्या गोष्टी रोज नव्याने ऐकणं हे तिचं काम. सकाळच्या पाळीला ती याच रस्त्याने चालत जायची.

फौजदारबाई चरात उतरल्या. गुडघे कुरकुरले, त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. चिमणीच्या मुठीत गवत होतं, मुळासकट उपटलेलं.

डॉक्टर उठून उभे राहिले. "उजाडता उजाडता लागलंय. मागून. गाडीचा डावा कोपरा."

"जागच्या जागी गेली?"

डॉक्टरांनी हातमोजे काढले. "नाही. थोडा वेळ होती. हाक मारायची ताकद नसेल, पण होती."

रस्त्यावर दिव्याच्या काचेचे तुकडे होते. तिथून थोडं पुढे एक गाडी डांबर सोडून कडेच्या ओल्या मातीत येऊन थांबल्याची खूण होती, आणि तिच्या डाव्या बाजूला मोठ्या बुटांचे ठसे. ते गाडीपासून मागे, चराच्या दिशेने आले होते. निम्म्या वाटेवर थबकून ते वळले होते आणि परत गेले होते.

"कुणीतरी उतरलं होतं," फौजदारबाई म्हणाल्या. "उतरलं, शोधायला निघालं आणि माघारी फिरलं."

त्या दिवशी त्यांनी गॅरेजं पालथी घातली, शुश्रूषागृहात जाऊन चिमणीची चौकशी केली, पण हाती काही लागलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी, टळटळीत उन्हात, डावा दिवा फुटलेली एक गाडी आपणहून चौकीच्या दारात येऊन उभी राहिली. आतून एक उंच माणूस उतरला, किल्ली टेबलावर ठेवून म्हणाला, "मीच मारलं तिला."

२

त्याला सगळेच ओळखत होते. बाजारात चष्म्याचं दुकान होतं त्याचं. खुद्द फौजदारबाईंच्या नाकावरचा चष्मा त्यानेच बनवलेला. चौकीच्या दारातून आत येताना त्याला मान वाकवावी लागली होती.

"गाडी कुणाची?"

"घरचीच. मीच वापरतो. रोज दुकानात नेतो."

"त्या सकाळी कुठे निघाला होता?"

"तळ्यावर. झोप लागत नव्हती."

"धुकं होतं."

"बाहेर होतं, मॅडम. माझी काच स्वच्छ होती. ब्लोअर फुल्ल लावला होता. ती एकदम आडवी आली."

"तिला मागून लागलंय."

चष्मेवाला टेबलावरच्या किल्लीकडे बघत राहिला.

"धडकेनंतर थांबलात?"

"नाही. घाबरलो आणि पळालो."

"गाडीतून खाली उतरला नाहीत?"

"नाही म्हटलं ना. थांबलोच नाही."

फौजदारबाईंनी पेन खाली ठेवलं. इतक्या वर्षांत खोटं बोलणारे त्यांनी पोत्याने पाहिले होते. माणूस खोटं बोलतो ते स्वतःच्या सोयीचं. थांबलो होतो, शोधायला उतरलो होतो, हे सांगणं याच्या सोयीचं होतं. तरी हा नाही म्हणत होता. म्हणजे एकतर हा स्वतःचा वैरी, नाहीतर तिथे गाडी थांबली होती हे याच्या गावीही नाही.

"घरी कोण कोण असतं?"

"मी, बायको, बाबा."

"आणि आई?"

"आई शाळेत होती. आता आजारी असते. घरी नसते." हे शेवटचं तो भिंतीकडे बघून म्हणाला.

बाहेरच्या बाकावर चिमणीची मोठी बहीण बसली होती. घरोघरचं शिवणकाम करणारी, धाकटीला आईच्या जागी वाढवलेली. काल सकाळपासून ती बाकावर येऊन बसत होती आणि अंधार पडला की उठून जात होती. फौजदारबाई बाहेर आल्या तसं तिने मान वर केली.

"एक जण कबूल झालाय," फौजदारबाई म्हणाल्या. "पण मला अजून पटत नाही."

"त्याला एवढंच विचारा," ती म्हणाली. "ती पडल्यावर तिच्याजवळ कुणी आलं होतं का. शिक्षेबिक्षेचं मला नंतर सांगा."

३

गाड्या तपासणारे सरकारी तज्ज्ञ, ज्यांना सगळं खातं भाऊ म्हणे, ते सकाळी थर्मास घेऊन आले. थंडी मी म्हणत होती. चौकीमागच्या आवारात त्यांनी गाडी पुढून मागून पाहिली, खालून पाहिली आणि हात झटकले.

"ब्रेक चोख आहेत. स्टिअरिंग चोख. तो म्हणतो तसंच झालं असेल."

"तो म्हणतो ब्लोअर फुल्ल होता आणि काच स्वच्छ होती. तेवढं बघा."

भाऊंनी इंजिन चालू केलं, पंख्याचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. डॅशबोर्डच्या आत मोठी घरघर सुरू झाली. फौजदारबाईंनी जाळीसमोर हात धरला. आजाऱ्याने फुंकर घालावी एवढा वारा.

"बिघडलाय?"

"थांबा. आवाज मोठा आणि वारा नाही, तेव्हा पंखा बिचारा राबतोय." भाऊंनी बटण एकेक घर मागे आणलं. प्रत्येक घराला घरघर कमी होत गेली. "सगळ्या गती जिवंत आहेत. विजेचं दुखणं नाही." मग त्यांनी वारा पायाकडे वळवला, तोंडाकडे वळवला, काचेकडे वळवला. "आतली झडप अडकली असती तर एकीकडे वारा, एकीकडे उपास, असं झालं असतं. इथे तिन्हीकडे दुष्काळ." गरम करून पाहिलं, थंड करून पाहिलं. दोन्हीला तेच.

"मग?"

"नाक चोंदलंय. हवा आत शिरते तिथेच."

त्यांनी डावीकडचा कागदपत्रांचा खण उचकटून बाहेर काढला, मागे हात घातला आणि हवेचा फिल्टर ओढला. तो सहजी येईना. आला तेव्हा दोघंही बघत राहिले. फिल्टर दिसतच नव्हता. त्यावर मऊ, पांढुरक्या कापसाचा थर बसला होता, जुन्या उशीतून निघावा तसा.

"हे एका दिवसाचं नाही," भाऊ म्हणाले. "महिनोन् महिने साचलंय. असल्या गाडीत धुक्याच्या सकाळी माणूस बसला आणि चार श्वास घेतले की काच आंधळी. ब्लोअर कितीही ओरडू दे."

"मग काच स्वच्छ होती हे खोटं. आणि तो खोटं बोलतोय हे त्यालाही ठाऊक नाही. काल उन्हात आणली त्याने गाडी, पंखा लावायची वेळच आली नाही." फौजदारबाईंनी तो कापूस चिमटीत धरला. "रोज गाडी चालवणाऱ्याला हे माहीत नसेल?"

"रोज बाजारात जाणाऱ्या गाडीचा फिल्टर काळाकुट्ट निघतो, बाई. धूर, काजळी. हा कापूस बघा, पांढरा आहे. ही गाडी एका जागी उभी असते, झाडाखाली. आणि उभी असतानाच कुणीतरी पंखा लावून आत बसतं."

बोलता बोलता भाऊंनी थर्मास उघडला. दोघांनी गाडीतच बसून चहा घेतला. दारं लावलेली, चहाची वाफ, दोघांचे श्वास. समोरची काच बघता बघता धुरकट होत गेली. कडेने धुरकटली, मधे धुरकटली. चालकासमोरचा एक तुकडा मात्र वेगळाच दिसू लागला.

फौजदारबाईंचा कप हातातच राहिला. काचेवर हळूहळू एक तळवा उमटत होता.

४

उघड्या हाताने काच पुसली की हाताचं तेल काचेला लागतं. काच सुकली की काही दिसत नाही. पुन्हा वाफ धरली की पुसल्याचा माग उठून दिसतो. त्या मागात एक अख्खा तळवा होता आणि त्याच्यापासून निघालेले बोटांचे फराटे, एकावर एक, पुन्हा पुन्हा पुसलेले.

चालकाच्या जागी भाऊ बसले होते. "तुम्ही पुसल्यासारखं करा," फौजदारबाई म्हणाल्या. "काचेला हात न लावता."

भाऊंनी हवेत हात फिरवला. त्यांचा हात उजव्या खांद्याभोवती फिरला. काचेवरचे फराटे उलट वळले होते, डाव्या सीटवर बसणाऱ्याच्या खांद्याभोवती.

फौजदारबाई डाव्या सीटवर होत्या. त्यांनी हात लांबवला. फराट्यांचं वळण जुळलं, पण हात पोचेना.

"लांब हाताचा माणूस इथे बसला होता," त्या म्हणाल्या. "चालकासाठी काच पुसत होता. आता तुम्ही त्या पुसलेल्या जागेतून समोर बघा."

भाऊंना त्यासाठी खांदे पाडून, मान खाली घालावी लागली. "फार खाली आहे हो हे."

"म्हणजे चालवणारा बुटका. पुसणारा उंच, आणि तो डाव्या दाराने उतरला. ठसे डावीकडेच आहेत." त्यांनी चिमटीतला कापूस कागदात गुंडाळला. "चष्मेवाला उंच आहे, पण तो डावीकडेही नव्हता. काच सारखी पुसणाऱ्याने ती स्वच्छ होती असं कशाला सांगितलं असतं? तो त्या गाडीत नव्हताच."

कापूस सावरीचा होता. एवढं मोठं सावरीचं झाड पंचक्रोशीत एकच. वसंतात त्याच्या कापसाच्या म्हाताऱ्या गावभर उडत आणि पोरं त्यांच्यामागे धावत. झाड शुश्रूषागृहाच्या आवारात होतं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. पहिल्या दिवशी फौजदारबाई तिथे चौकशीला गेल्या होत्या तेव्हा झाडाखाली एक गाडी भिंतीकडे तोंड करून उभी होती, आणि त्या तिच्या शेजारूनच चालत पुढे गेल्या होत्या. आता तिथे पिवळं पडलेलं गवत आणि तेलाचा एक डाग होता.

"ती होय?" शुश्रूषागृहाच्या बाई म्हणाल्या. "वर्षभर इथंच होती. काल मुलगा येऊन घेऊन गेला. आमच्या एका आजींची गाडी. दिसली नाही की त्या जेवत नसत, म्हणून त्यानेच आणून लावली होती. आजोबा रोज पहाटेच्या पहिल्या बसने येतात. मग दोघं आपले गाडीत बसतात. बंद गाडीत त्यांना घुसमटतं, म्हणून पंखा लावून."

ओसरीवर एक उंच म्हातारा बसला होता. शेजारी शालीत गुंडाळलेली त्याची बायको, मूठभर झालेली. ती एकसारखी फाटकाकडे बघत होती.

"चिमणी नाही आली अजून," ती म्हणाली.

"येईल," म्हातारा म्हणाला. फौजदारबाईंच्या पावलांचा आवाज ऐकून तो उठला. त्यांच्याकडे न बघता, त्यांच्या खांद्यापलीकडे कुठेतरी बघत म्हणाला, "पोलीस ना? माझ्या मुलाला सोडा. गाडी मी चालवत होतो."

५

तो निवृत्त शिक्षक होता. अजूनही त्याला लोक मास्तर म्हणत. आतल्या खोलीत फौजदारबाईंनी त्याच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला. मास्तरांनी मान एका बाजूला वळवली आणि डोळ्यांच्या कडेने पेला शोधला. हात पेल्याच्या शेजारी टेकला, मग चाचपडत त्यावर आला.

"मास्तर, माझा चेहरा दिसतो?"

"मधोमध काळा डाग आहे. कडेने थोडं कळतं."

"कधीपासून?"

"मुलानेच तपासून सांगितलं, गेल्या वर्षी. बाबा, आता गाडीला हात लावायचा नाही."

"आणि तरी तुम्ही चालवलीत."

"रस्ता सवयीचा आहे, बाई."

"तुम्ही डावीकडे बसला होता. उजवीकडच्या माणसासाठी काच पुसत होता. हात बघू तुमचा."

मास्तरांनी हात पुढे केला नाही. मांडीखाली दाबून धरला, शाळकरी पोरासारखा. "माझं नाव लिहा," ते म्हणाले. "मी सही करतो. सही कुठे करायची तेवढं बोट धरून दाखवा."

बाप लेकाला वाचवत होता, लेक बापाला. पण दोघंही उंच होते, आणि चालवणारा बुटका होता. घरात उरली कोण, तर सून.

चष्मेवाल्याच्या घरी सून दार उघडायला आली तेव्हा स्टुलावरून उतरून आली. मागे फडताळ उघडं होतं. फौजदारबाईंच्या खांद्याला जेमतेम लागत होती. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

"परवा उजाडताना कुठे होतात?"

"घरातच. दुसरीकडे कुठे असणार?"

"सोबत कोण होतं?"

"हे झोपले होते. बाबा बसला गेले होते."

"म्हणजे तुम्ही बाहेर पडला असता तर कुणाला कळलं नसतं." फौजदारबाई दारात उभ्याच होत्या. "गाडी कुणी चालवली, बाई? तुमचा नवरा तुरुंगात जायला निघालाय. सासरे त्याच्यामागे. एवढी दोन माणसं कुणासाठी जातील?"

सुनेने पदराने नाक पुसलं. आधी तिला प्रश्न कळलाच नाही, आणि कळला तेव्हा तिला हसू आलं, रडता रडता.

"मी? मला सायकलसुद्धा येत नाही हो. यांना आईंनी शिकवलं. नणंदेला आईंनी शिकवलं. बाबांना तर लग्नानंतर शिकवलं, तेही रोज भांडून. माझं तेवढं राहिलं. मला शिकवायच्या आधीच त्या विसरायला लागल्या."

फौजदारबाई सावकाश म्हणाल्या, "तुमच्या सासूबाई शाळेत शिकवायच्या ना?"

"शिकवायच्या? छे. कोण म्हणालं?" सुनेने भिंतीकडे हात केला.

भिंतीवर एक जुना फोटो होता. पिवळी बस, खिडक्या-खिडक्यांतून लोंबकळणारी पोरं. चालकाच्या खिडकीतून कोपर बाहेर काढून एक बुटकी बाई हसत होती, आणि समोरचं दिसावं म्हणून तिने बुडाखाली एक जाड उशी घेतली होती.

६

"मला ती ओळखत नाही," मास्तर म्हणाले. आता ते शांत होते. ओसरीवर, बायकोपासून थोडं लांब, खुर्ची ओढून बसले होते. "मला कंडक्टर म्हणते. इतकी वर्षं संसार केला आणि शेवटी बढती मिळाली ती ही."

फौजदारबाई हसल्या नाहीत. मास्तरांचीही तशी अपेक्षा नव्हती.

"इथे आणलं तेव्हा ती खात नव्हती, बोलत नव्हती. गाडी आणली आणि तिला चालकाच्या जागेवर बसवलं. बाई, तिची पाठ ताठ झाली. आरसा नीट केला, मागे वळून सगळी पोरं बसली का ते पाहिलं. तेवढ्यापुरती ती ती होती. मग एक दिवस मी किल्ली फिरवू दिली. आवारात एक फेरी. मग फाटकापर्यंत. मग तळ्यापर्यंत. लोक उठायच्या आत जायचं आणि यायचं. तिचे हात काही विसरले नव्हते. मला रस्ता दिसत नव्हता, तिला दिसत होता. तिला परतीची वाट आठवत नव्हती, मला आठवत होती. दोघांत मिळून एक धड माणूस होतं."

"आणि चिमणी त्याच रस्त्याने यायची."

"ती उशिरा यायची, आम्ही परत आल्यावर. त्या दिवशी लवकर का निघाली, मला माहीत नाही."

ते माहीत होतं फौजदारबाईंना. बहिणीने सांगितलं होतं. एका म्हाताऱ्याला आदल्या दिवशी ताप होता, म्हणून चिमणी लवकर निघाली होती.

"काच सारखी धुरकट होत होती," मास्तर म्हणाले. "पंखा नुसता ओरडत होता. मी पुसायचो, पुन्हा तेच. ती म्हणाली, कंडक्टर, दिसत नाही, गाडी उभी करू. मी म्हटलं, चल, मी पुसतो ना." त्यांनी उजवा तळवा गुडघ्यावर घासला. "ती उभी करणार होती, बाई. मी चल म्हटलं. परत यायला उशीर झाला असता, कुणी पाहिलं असतं, किल्ली काढून घेतली असती."

"मग?"

"मग धप्पकन वाजलं. ब्रेक तिनेच मारला. म्हणाली, खाली उतर, बघ, एखादं पोर असेल. मी उतरलो. मागे गेलो. मला काय दिसणार? धुकं, आणि त्यात माझा डाग. एक हाक मारली. ओ आली नाही. मी स्वतःला सांगितलं की कुत्रं असेल, पळालं असेल. ते मला खरं वाटत नव्हतं. पण तसं वाटायला हवं होतं."

"आणि तुम्ही फिरलात."

"परत येऊन तिला म्हटलं, कुणी नाही, पोतं होतं. तिने दोनदा विचारलं, नीट बघितलंस ना? मी दोन्ही वेळा हो म्हटलं."

सावरीखाली कुणीतरी खुर्च्या मांडत होतं. मास्तरांची बायको शालीतून हात बाहेर काढून कठड्यावर बोटं फिरवत होती.

"मुलाला मीच फोन केला. त्याने एक शब्द विचारला नाही. फुटलेला दिवा पाहिला, मग आईकडे पाहिलं. म्हणाला, बाबा, तुम्ही आत गेलात तर तिच्याजवळ रोज कोण बसणार? मी गेलो तर दुकान बंद राहील, एवढंच." मास्तरांनी चेहरा पुसला. "मला हे चालायला नको होतं. पण एक दिवस, एक रात्र मी ते चालू दिलं."

फौजदारबाई उठल्या. अटक करताना जी वाक्यं म्हणायची असतात ती त्यांनी म्हटली, हळू आवाजात. मास्तरांनी बायकोच्या डोक्यावरून हात फिरवला. ती म्हणाली, "कंडक्टर, कुठे निघालास? पोरं यायची आहेत अजून."

७

चष्मेवाल्याला सोडलं. खोटी जबानी दिल्याचं कलम त्याच्यावर लागलं, पण ते हलकं होतं. मास्तरांवर खटला उभा राहायचा होता. त्यांच्या बायकोला तपासून डॉक्टरांनी लिहून दिलं की तिला जाब विचारता येणार नाही. राहिलं काम एकच, आणि ते फौजदारबाईंना कुणावर सोपवता येईना.

बहिणीची खोली एका शिवणयंत्राएवढीच होती. तिने खुर्चीवरचे कपडे उचलून जागा केली. फौजदारबाईंनी सगळं सांगितलं. आडवळण घेतलं नाही, काही गाळलंही नाही.

"म्हणजे आलं होतं कुणीतरी," बहीण म्हणाली.

"अर्ध्या वाटेपर्यंत."

"तिने त्याची हाक ऐकली असेल का?"

"मला माहीत नाही."

बहिणीने यंत्रावर अडकलेला धागा ओढून तोडला. "त्या आमच्या बसबाई होत्या. आम्ही दोघी त्यांच्याच बसने शाळेत जायचो. चिमणीला रोज उशीर. आमच्या कोपऱ्यावर बस उभी राहायची, त्या हॉर्न वाजवायच्या नाहीत. म्हणायच्या, पोर दचकेल, बूट उलटे घालील." तिने तो धागा बोटाला गुंडाळला. "तिथे नोकरी लागली तेव्हा चिमणी म्हणाली होती, ताई, बसबाई तिथे आहेत, आता मी त्यांच्यासाठी थांबते. मला जायचंय त्यांच्याकडे."

"कशाला?"

"सांगायला. कुणीतरी त्यांना सांगितलं पाहिजे. त्या रोज विचारतात म्हणालात ना."

फौजदारबाईंनी तिला अडवायला हवं होतं, असं नंतर अनेकांनी म्हटलं. त्यांनी अडवलं नाही. जीपमधून नेलं, आणि बहीण आत गेली तशा त्या पायरीवर बसून राहिल्या. आतून आधी काही ऐकू आलं नाही. मग एक रडणं ऐकू आलं, म्हातारं, फाटलेल्या आवाजाचं, थांबता न येणारं. शुश्रूषागृहाच्या बाई धावत आत गेल्या. रडणं हळूहळू ओसरलं. बराच वेळ शांत होतं. नंतर तोच म्हातारा आवाज, साधा, चौकशीचा.

बहीण बाहेर आली. पायरीवर फौजदारबाईंच्या शेजारी बसली.

"नीट सांगितलं," ती म्हणाली. "त्यांचा हात धरून सांगितलं. तुमच्या गाडीखाली आली म्हटलं. त्यांना कळलं. सगळं कळलं. त्या पोटातून रडल्या, माझ्याइतक्या रडल्या. मला म्हणाल्या, मी थांबायला हवं होतं."

फौजदारबाईंनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. मग त्यांनी डोळे पुसले, इकडे तिकडे बघितलं आणि मला विचारलं, तू कोण गं, चिमणी नाही आली का आज?"

"काय सांगितलंत?"

"येईल म्हटलं." बहीण हाताच्या बोटांकडे बघत होती. सुईने टोचून टोचून ती खडबडीत झाली होती. "मी रागाने आले होते, बाई. तो राग आत गेल्यावर कुठे गेला कळलं नाही. मला त्यांचा हेवा वाटला."

जीपमध्ये बसायला ती नको म्हणाली. स्वेटरची बटणं लावली, उठली, आणि फाटकातून बाहेर पडून तळ्याचा रस्ता टाळून लांबच्या वाटेने घरी गेली.